हरारेच्या आजींचं बाक: ऐकायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

झिम्बाब्वेत शोना बोलणारी दोन माणसं सकाळी भेटली की एक विचारतो, "मारारा से?" म्हणजे रात्री झोप कशी झाली. उत्तर ठरलेलं असतं: "न्दारारा काना मारारावो." तुम्ही नीट झोपला असाल, तर मीही झोपलो. आपल्या "काय, बरंय ना?"सारखंच हे सवयीनं तोंडातून निघून जातं, कुणी त्यावर विचार करत बसत नाही. पण मनाने खचलेल्या माणसाचं बाकावर बसून ऐकून घेण्याच्या या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच वाक्य सांगते, कारण झिम्बाब्वेच्या राजधानीतल्या, हरारेच्या आजींनी मनाच्या दुखण्यावर जे बाक मांडलं ते याच भाषेतल्या लोकांनी मांडलं.

हा लेख त्या बाकावर काय चालतं ते पायरीपायरीने समजून घेण्यासाठी आहे. तुम्ही आशाताई असाल, बचत गटात असाल, निवृत्त शिक्षक असाल, किंवा परदेशात एखाद्या वस्तीत स्वयंसेवक म्हणून जाणार असाल, तर कामाला येईल. एवढ्यानं तुम्ही समुपदेशक होणार नाही, ते प्रशिक्षण वेगळं. पण त्या प्रशिक्षणाला बसण्याआधी डोक्यातला बराच गोंधळ कमी होईल.

बाक आलं कुठून

2005 साली झिम्बाब्वे सरकारने शहरांतल्या वस्त्या आणि टपऱ्या पाडायची मोहीम काढली. नाव होतं मुरांबात्स्विना, म्हणजे घाण साफ करा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सात लाखांच्या आसपास लोकांचं घर गेलं, रोजगार गेला किंवा दोन्ही गेलं. हरारेतल्या म्बारे या जुन्या, दाट वस्तीला याचा मोठा फटका बसला. त्याच सुमारास डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाची एक तरुण पेशंट आत्महत्येने गेली. तिला हरारेला का आणलं नाही, असं त्यांनी आईला विचारलं. बसभाड्याचे पंधरा डॉलर नव्हते, हे उत्तर मिळालं. सव्वा कोटीच्या देशात मनोविकारतज्ज्ञ तेव्हा जेमतेम डझनभर, आणि पेशंट त्यांच्यापर्यंत पोचणार कसा तर बसने.

2006 मध्ये चिबांडांनी म्बारेत काम सुरू केलं तेव्हा पैसा नव्हता. दवाखान्यात खोली नव्हती आणि नर्सना मान वर करायला फुरसत नव्हती. हाताशी होत्या चौदा आज्या. वस्तीत आरोग्याची कामं करणाऱ्या या बायकांना तिथे 'आंबुया उतानो' म्हणतात, आरोग्याच्या आजी. खोली नाही म्हणून दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली लाकडी बाक टाकलं. पुढे याचा बोलबाला झाला तेव्हा उघड्यावर बसण्याची कल्पना किती सुंदर, असं लोक म्हणू लागले. मुळात ती अडचणीतून निघालेली सोय होती. सुंदर आहेच, पण क्रम लक्षात ठेवा. जागा नाही म्हणून काम अडवून ठेवणाऱ्यांसाठी सांगते आहे.

पायरी पहिली: शब्द बदला

चिबांडांनी सुरुवातीला बाकाला 'मानसिक आरोग्याचं बाक' असं नाव दिलं होतं. कुणी फिरकेना. आज्यांनीच त्यांना समजावलं की या नावाच्या बाकावर चारचौघांत कोण बसेल? नाव बदललं. शोनात ते झालं 'चिगारो चेकुपानामाझानो', म्हणजे एकमेकांशी विचारविनिमय करायचं आसन. इंग्रजीत त्याचं मैत्रीचं बाक झालं, आणि जगभर ते फ्रेंडशिप बेंच म्हणूनच ओळखलं जातं. मला शोना नाव जास्त आवडतं, त्यात मसलत आहे.

आजाराच्या नावाचंही तसंच. आजी 'डिप्रेशन' म्हणत नाही. ती म्हणते 'कुफुंगिसिसा', अति विचार करणं. आपल्याकडे बायका सांगतात ना, "डोक्यात भुंगा लागलाय", "विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली"? तेच.

यामागे एक जुनी, कडू गोष्ट आहे. वसाहतींच्या काळात कित्येक गोऱ्या मनोविकारतज्ज्ञांचं ठाम मत होतं की आफ्रिकी माणसाला नैराश्य क्वचितच येतं. केनियात नोकरी केलेल्या जे. सी. कॅरदर्स यांनी आफ्रिकी मनाबद्दल असलं बरंच काही लिहिलं आणि ते 1953 मध्ये चक्क जागतिक आरोग्य संघटनेने छापलं. काळ्या माणसाचं दुःख तज्ज्ञाच्या वहीत नोंदवलंच जात नव्हतं, कारण वहीतले शब्द त्याचे नव्हते. म्हणून त्याचे शब्द वापरायचे ही नुसती नम्रता नाही, त्यावर अख्खं निदान उभं आहे.

या कामात आपल्याकडचा एक माणूस आहे. मुंबईत डॉक्टर झालेले विक्रम पटेल 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात हरारेत संशोधन करत होते. दवाखान्यांत आणि पारंपरिक वैद्यांकडे येणारे लोक आपलं दुखणं कोणत्या शब्दांत मांडतात ते टिपून त्यांनी आणि तिथल्या सहकाऱ्यांनी चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली बनवली. आज आजीच्या हातात असते ती हीच. पटेल नंतर गोव्यात आले. 1996 मध्ये तिथे 'संगाथ' ही संस्था उभी राहिली आणि गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे म्बारेच्या बाकाचा एक धागा गोव्यापर्यंत येतो.

पायरी दुसरी: कोण बसणार

हरारेत बसतात त्या आज्याच का? वय हे एक कारण. मोठं कारण असं की त्या कुठे जात नाहीत. तरुण कार्यकर्ता वर्षभरात बरी नोकरी बघून निघून जातो. आजी त्याच वस्तीत राहते, त्याच नळावर पाणी भरते, तिच्याकडे समोरच्याच्या आईची लहानपणची गोष्ट असते. त्यातल्या कितीतरी जणींनी एड्सच्या साथीत स्वतःची लेकरं पुरली आहेत आणि नातवंडं वाढवली आहेत. समोरच्याला हे माहीत असतं, ते सांगावं लागत नाही.

त्यांचं प्रशिक्षण साधारण दीड आठवड्याचं. माणूस निवडताना शिक्षण शेवटी बघा. आधी बघा की गल्लीतल्या बायका तिच्याकडे आपणहून जातात का, आणि तिथे बोललेलं बाहेर फुटतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डळमळीत असेल तर पहिल्याचं कितीही चांगलं असो, तिला बाकावर बसवू नका.

पायरी तिसरी: चौदा प्रश्न

हे प्रश्न गेल्या आठवड्याबद्दलचे असतात, उत्तर हो किंवा नाही. फार विचार करत होता का? लक्ष लागत नव्हतं का? क्षुल्लक गोष्टीवरून चिडलात का? वाईट स्वप्नं पडली का? पोटात दुखत होतं का? झोप लागली नाही का? रडू आलं किंवा रडावंसं वाटलं का? काम मागे पडत होतं का? काय करावं ते ठरवता येत नव्हतं का? असे. इतरांना दिसत-ऐकू येत नाही असं काही दिसलं-ऐकलं का, आणि जीव द्यावासा वाटला का, हे दोन प्रश्नही त्यातच येतात. हरारेच्या मोठ्या अभ्यासात नऊ किंवा त्याहून जास्त 'हो' आले तर बाकाची गरज आहे असं धरलं होतं.

नवख्यांची चूक अशी की प्रश्न रेशन कार्डाच्या अर्जासारखे भरून घेतात. मान खाली, पेन चालू. आजी तसं करत नाही. "पोटात दुखत होतं का?" याला "हो" आलं की ती थांबते, कारण पुष्कळदा त्या पोटदुखीतूनच पुढची सगळी गोष्ट बाहेर येते. दुसरी गोष्ट, या आकड्यावरून कुणाला "तुम्हाला अमुक आजार आहे" असं सांगायचं नाही. आकडा तुमच्या वहीपुरता.

पायरी चौथी: मन उघडणं, उचलून धरणं, बळ देणं

खरं काम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू. आज्यांनी या पद्धतीला तीन शोना शब्द दिले: कुवुरा फुंग्वा म्हणजे मन उघडणं, कुसिमुद्झिरा म्हणजे उचलून धरणं, कुसिंबिसा म्हणजे बळ देणं. पुस्तकात याला समस्या सोडवण्याची उपचारपद्धती म्हणतात. पहिली बैठक तासाभराची, पुढच्या त्याहून आटोपशीर, एकूण सहा.

एक रचलेलं उदाहरण घेऊ. पस्तिशीची बाई, म्बारेच्या बाजारात टोमॅटो विकते. नवऱ्याचं काम सुटलंय. ती एचआयव्हीच्या गोळ्या घेते, ते सासरी माहीत नाही. मोठ्या मुलीची फी थकली, शाळेने घरी पाठवलंय. घरमालक तगादा लावतोय. रात्री झोप नाही. बाकाच्या अगदी टोकाला बसते, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

आजी विचारते, "काय झालंय गं?" आणि मग गप्प बसते. ही शांतता नवख्याला सोसत नाही. दहा सेकंदांतच तो "काळजी करू नका" म्हणून टाकतो आणि दार लागतं. आजीला घाई नसते. बाई सुरुवात घरमालकापासून करते, मग नवरा, मग फी. गोळ्यांचं सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून. आजी मधेमधे ऐकलेलं परत सांगते: "म्हणजे फी थकली, मुलगी घरी आहे, आणि घरमालक रोज दारात येतो. अजून काही राहिलं?" सगळ्या अडचणींची यादी होते. हे मन उघडणं.

आता कळीचा प्रश्न: "यातलं आधी कशाला हात घालायचा?" आपल्याला वाटतं, गोळ्यांची लपवाछपवी सर्वांत गंभीर. बाई म्हणते, फी. आजी म्हणते, बरं, फी. इथे आपलं मत गिळायचं असतं, आणि ते फार जड जातं. पण आपण निवडलेल्या अडचणीसाठी ती उठून काही करणार नाही, तिने निवडलेलीसाठी करेल.

मग उपाय, तेही तिच्याच तोंडून, वेडेवाकडे सगळे. मुख्याध्यापकांना भेटून हप्ते मागायचे. बहिणीकडून उसने घ्यायचे. 'मुकांडो'तला आपला नंबर पुढे घ्यायची विनंती करायची. मुकांडो म्हणजे आपली भिशी, हुबेहूब. आजी प्रत्येकावर विचारते, याने काय साधेल, काय अडेल? बहीण देईल, पण नवऱ्याला कळेल, मग ते नको. बाई हप्त्यांवर येते. आजी तेवढ्यावर सोडत नाही. कोणत्या दिवशी जाशील? गुरुवारी. किती वाजता? तेव्हा टोमॅटोची टोपली कोण सांभाळेल? शेजारची. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलशील? आणि ते वाक्य बाई बाकावरच एकदा म्हणून बघते. हे उचलून धरणं.

पुढच्या बैठकीला ती आली आणि म्हणाली, मुख्याध्यापक भेटलेच नाहीत. नवखा हळहळतो. आजी म्हणते, तू गेलीस ना? काम झालं नाही हे वेगळं, ती घराबाहेर पडून शाळेपर्यंत पोचली हे वेगळं. आठवड्यापूर्वी तिच्याच्याने अंथरुणातून उठवत नव्हतं. मग नवा दिवस ठरतो. एका अडचणीचा गुंता सुटायला लागला की गोळ्यांबद्दल कुणाला सांगायचं, हा विषय बऱ्याचदा ती स्वतःच तिसऱ्या-चौथ्या बैठकीत काढते. हे बळ देणं.

माझंच सांगते. पहिल्या सरावात माझ्यासमोरच्या बाईने सासूबद्दल दोन वाक्यं बोलली आणि मी तिला वेगळं बिऱ्हाड करायचा सल्ला देऊन मोकळी झाले. शिकवणाऱ्या बाईंनी घड्याळ दाखवलं: चार मिनिटं. मला वाटत होतं मी छान ऐकते.

देव आणि प्रार्थना हेही बाकावर येतं. झिम्बाब्वेत चर्च रोजच्या जगण्यात मुरलेलं आहे. "मी प्रार्थना करते" असं कुणी म्हटलं तर ते उपायांच्या यादीत लिहा, वाद घालू नका. मात्र "गोळ्या सोडून फक्त प्रार्थना" असं असेल तर नर्सशी बोलणं करून द्या.

पायरी पाचवी: धोक्याची खूण

जीव द्यावासा वाटतो या प्रश्नाला "हो" आलं, की आजी एकटीने निभावत नाही. ती वरिष्ठांना कळवते, तिथून पेशंट नर्सकडे किंवा तज्ज्ञाकडे जातो. कानात आवाज येतात, कुणी मागावर आहे असं ठाम वाटतं, तर तेही बाकाचं काम नाही.

तुम्हीही हा प्रश्न सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट माणसाला हायसं वाटतं. "हो" म्हणाला तर पुढे विचारा: कसं, कधी, काही ठरवलंय का? ठरलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक, जास्तीची औषधं दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला लावा आणि डॉक्टरकडे स्वतः सोबत जा. गुप्तता पाळायचं वचन इथे लागू नाही, आणि ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं असतं. भारतात सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे, रात्री-अपरात्रीही चालतो. तुम्ही जिथे काम कराल तिथला असा क्रमांक आणि जवळच्या डॉक्टरचा फोन पहिल्या बैठकीआधी वहीच्या पहिल्या पानावर हवा.

पायरी सहावी: बाकाकडून रिंगणाकडे

बैठका सुरू झाल्या की बाईला एका गटाची ओळख करून दिली जाते: 'कुबाताना तोसे', सगळ्यांनी मिळून हात धरणं. यात बाकावरून उठलेल्याच बायका असतात. गोल करून बसतात आणि टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून क्रोशाने पिशव्या विणतात. पिशवी विकली तर चार पैसे, पण हाताला काम असलं की नजरेला नजर न देता बोलता येतं हा मोठा फायदा. आपल्याकडे शेंगा फोडताना, गोधडी शिवताना बायका जे बोलतात ते समोरासमोर खुर्च्या मांडून कधी बोलतील का?

गटाची तक्रारही सांगते: विणण्याचा कार्यक्रम पुढे रेटला की बोलणं मागे पडतं, किती पिशव्या झाल्या याचेच हिशोब सुरू होतात. प्रत्येक बैठकीत आधी एकेकीला बोलू द्या, मग सुया काढा.

याने खरंच फरक पडतो का?

हरारेच्या 24 दवाखान्यांत 573 जणांवर अभ्यास झाला, डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. बहुतेक बायका होत्या, 42 टक्के एचआयव्हीबाधित. अर्ध्यांना बाक मिळालं, अर्ध्यांना नर्सकडून नेहमीपेक्षा बरी सेवा, लागेल तिथे औषधं. सहा महिन्यांनी बाकवाल्यांत नैराश्याची लक्षणं सुमारे 14 टक्क्यांत उरली, दुसऱ्या गटात जवळपास 50 टक्क्यांत. पुढे मलावी, झांझिबार आणि न्यूयॉर्कपर्यंत बाकं गेली. हार्लेम, ब्रॉन्क्ससारख्या काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांत नारिंगी बाकांवर आज्यांच्या जागी स्वतः व्यसनातून किंवा मनाच्या आजारातून उठलेली माणसं बसली. मला हा बदल योग्य वाटतो. तिथे विश्वास ज्याच्यावर, तो तिथला आजी.

एक मात्र बजावते. बेदखल केलेल्या माणसाला बाक घर देत नाही. फीचे हप्ते पाडून मिळाले म्हणून शाळा मोफत होत नाही. जे सरकारचं काम आहे ते आजीच्या पदरात टाकून कुणी मोकळं होत असेल, तर तिथे बोलायला हवं.

पायरी सातवी: ऐकणाऱ्याला कोण ऐकतं

हरारेत आज्या नेमाने एकत्र भेटतात, अवघड गोष्टी आपसांत आणि वरिष्ठांसमोर मांडतात. पेशंटचं नाव न घेता. तुमच्या कामात ही भेट ठरलेल्या वारी असली पाहिजे, "वेळ मिळाला तर" नाही. ज्या दिवशी घरी जाऊन स्वयंपाक करतानाही तेच बोलणं डोक्यात घोळत राहील, त्या दिवशी फोन कुणाला करायचा ते आधी ठरवून ठेवा.

पहिला सराव

तिघी बसा. एकीने स्वतःची खरी पण छोटी अडचण सांगायची, दहा मिनिटं. दुसरीने ऐकायचं, आणि फक्त तीन गोष्टींना परवानगी: गप्प बसणं, ऐकलेलं परत सांगणं, "अजून काही?" विचारणं. तिसरीने कागदावर रेघा मारायच्या, "असं कर", "तसं करून बघ", "माझ्या नणंदेचंही असंच झालं" असं काही निघालं की एक रेघ. मग जागा बदला. पहिल्या दिवशी सात-आठ रेघा निघाल्या तर लाजू नका. कागद तारीख घालून ठेवा, पुढच्या आठवड्यात तोच सराव पुन्हा करायचा आहे.